पहिल्या फेरीला कोण बसणार

गाडीत बसलं की ओकणारा तांडेल मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. काकांनी दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून अर्धं आयुष्य समुद्रात काढलं होतं. उधाणात होडी आडवी-उभी होत असताना आपण टोकाशी बसून भाकर-सुकट खायचो, असं ते सांगायचे. ते खरं असावं, कारण ते सांगत असताना शेजारी बसलेल्या काकी नाक मुरडत नसत. काकांच्या बोलण्यातलं खरं-खोटं ओळखायला आमच्याकडे तेवढं एकच साधन होतं. पण हाच माणूस चार चाकांवर बसवला, की पालघर स्टेशनापासून केळव्याच्या रस्त्याला लागेपर्यंतसुद्धा टिकायचा नाही. डाव्या खिडकीशी जागा, एका मुठीत कापलेलं लिंबू, दुसऱ्या मुठीत प्लास्टिकची पिशवी, डोळे गच्च मिटलेले. ‘दर्या सरळ असतो. रस्ता लबाड,’ एवढंच ते यावर म्हणत.

आणि तरीही पालघरच्या आमच्या आळीत अशी एकही गाडी नव्हती, जिच्यात काका ओकले नव्हते. ते त्यांनी स्वतःवर ओढवून घेतलेल्या कामातच येत होतं.

काम असं. आळीत कुणाचीही गाडी बिघडली आणि गॅरेजवाल्याने खर्चाचं एस्टिमेट दिलं, की तो कागद आधी काकांकडे यायचा. ते योग्य की अयोग्य, हे काका सांगणार. हा मान त्यांना कुणी दिला, हे विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, म्हणजे तो त्यांनी स्वतःच घेतला असणार. बरं, गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. स्टिअरिंगला ते सुकाणू म्हणत, ब्रेकला नांगर, आणि डिकीला ‘मासळी ठेवायची जागा’. क्लच कशासाठी असतो, हे मी त्यांना वहीच्या पानावर चित्र काढून समजावलं होतं. शिक्षिका आहे, राहवत नाही. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘म्हंजे नसला तरी चालल.’

तपासणी ओट्यावर व्हायची. ओट्याच्या कडेला होडीचा जुना लोखंडी पंखा पालथा घातलेला होता, तो काकांचा पाट. समोर काकी मासळी साफ करत बसलेल्या. त्या बाजारात मासळी विकायच्या आणि उरलेलं काम घरी आणायच्या. काका कागद मांडीवर पसरायचे आणि उजवीकडच्या रकमांवर आपला रुंद पंजा ठेवायचे.

‘आकडा आदी झाकायचा,’ ते म्हणत. ‘आकडा बगितला का मानूस घाबरतो, नायतर खूश होतो. दोनी वेळेला डोकं बंद.’

मग उरलेल्या ओळी एकेक करून मोठ्याने वाचायच्या आणि गाडीवाल्याने त्या काकींना समजावून सांगायच्या. काकींना कळली तर ओळ राहिली, नाही कळली तर बाद. समोरच्या घरात बँकेतले एक साहेब राहायचे. त्यांनी एकदा काचेच्या भिंतींच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून छापील एस्टिमेट आणलं. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ अशी एक ओळ होती. काकींनी कोयता खाली ठेवून विचारलं, ‘ते काय असतं?’ साहेब म्हणाले, कापड, साबण, ग्रीस, असं किरकोळ, काम करताना लागतं ते.

‘म्हंजे हात धुतल्याचे पैसे,’ काकी म्हणाल्या. ‘मी जन्मभर पापलेटं साफ करून देते. मी कदी गिऱ्हाइकाकडून हात धुतल्याचे घेतले?’

साहेबांनी खरोखरच जाऊन हे सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं. बँकेतल्या माणसाने पापलेटाचा दाखला दिल्यावर तिथल्या टायवाल्या मुलाने ती ओळ निमूटपणे काढली आणि तेवढेच पैसे खालच्या ओळीत घातले. साहेब चिडले. काका मात्र खूश झाले. ‘बग, तो पन शिकला,’ असं ते दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

पुढे एस्टिमेटं मोबाइलवर यायला लागली, तेव्हा या पद्धतीची जरा अडचण झाली. पडद्यावरच्या रकमा झाकायला काका अंगठा टेकवायचे आणि रकमा आणखी मोठ्या होऊन समोर यायच्या. त्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी करून मोबाइलला पट्टी बांधायचा उपाय काढला. ती पट्टी मी त्यांना नीट कापून दिली होती.

पण हे सगळं वरवरचं. खरी परीक्षा गाडी दुरुस्त होऊन आल्यावर असायची.

दातिवऱ्याला त्यांच्यात एक रीत होती. होडीचं इंजिन किंवा फळी दुरुस्त झाली, की पहिल्या फेरीला मिस्त्रीने होडीत बसायचं. नुसतं किनाऱ्यापाशी नव्हे, जाळं टाकतात तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. पैसे त्यानंतर. मिस्त्रीला पोहता येतं की नाही, हे कुणी विचारायचं नाही. एकदा काकांच्या होडीचं इंजिन उघडून बसवलं आणि मिस्त्री म्हणाला, आज मुलीला बघायला पाहुणे आलेत, आजच्या दिवस मला सोड. काकांनी सोडलं. इंजिन खोल पाण्यात बंद पडलं आणि होडी वाहत गेली. ती कुठवर गेली, हे सांगणं अवघड आहे. मी पहिल्यांदा गोष्ट ऐकली तेव्हा त्यांना तारापूरच्या अणुकेंद्राचे दिवे दिसले होते. पुढच्या दिवाळीत होडी दमणला पोचली. मी घर सोडलं त्या वर्षी ती गुजरात ओलांडून पुढे गेली होती आणि काकींचं नाक पार वर चढलं होतं. मुद्दा एवढाच, की त्या दिवसापासून काकांनी कुठल्याही मिस्त्रीला सोडलं नाही, आणि जमिनीवर राहायला आले तरी रीत तीच ठेवली.

‘ज्यानं केलं त्यानं बसायचं,’ हा नियम पहिला. ‘ज्यानं बरोबर म्हटलं त्यानं बी बसायचं,’ हा दुसरा, आणि तो त्यांनी स्वतःला लावलेला. म्हणून लिंबू आणि पिशवी. आळीतल्या प्रत्येक गाडीच्या पहिल्या फेरीला मागे तोंड पाडून बसलेला मेकॅनिक आणि पुढे हिरवे पडलेले काका, असं दृश्य असायचं. त्यांनी एकदा तरी घरी बसून निकाल द्यायचा होता, त्यांना कोण विचारणार होतं? पण नाही. निकाल द्यायचे आणि स्वतःच्या जेवणासकट भोगायचे.

रीत चुकायचीही. बोईसरमधल्या एका मेकॅनिकने आमच्या खालच्या भाडेकरूची व्हॅन दुरुस्त केली आणि फेरीला म्हणताच उडी मारून आत बसला. काकांनी त्याची फार वाखाणणी केली. तारापूरच्या रस्त्याला लागल्यावर मागचं चाक डुगडुगायला लागलं. काकांनी डोळे उघडले, तर हा मागे गाणं म्हणतोय. ‘कुछ नहीं होता, चाचा.’ व्हॅन शेवटी एका कंपनीच्या फाटकासमोर बसली ती बसलीच. नंतर कळलं, हा पठ्ठ्या स्वतःची मोटारसायकल ब्रेकशिवाय चालवायचा. घरी यायला मिळाली ती शिफ्टची बस, आणि त्या बसमध्ये काकांनी काय केलं, ते त्या शिफ्टचे कामगार अजून विसरले नसतील.

आठवडाभर त्यांनी ओट्यावर एकाही एस्टिमेटला हात लावला नाही. मग नियमात सुधारणा झाली. ‘एकटा मानूस कशात पन बसतो. त्याचं घरचं मानूस बसव.’ म्हणजे आता मेकॅनिकने बायको, आई, पोर, जे असेल ते बरोबर आणायचं. पालघरच्या गॅरेजांमध्ये या सुधारणेचं स्वागत कसं झालं असेल, याची कल्पना करा. एकाने तर आपलं लग्नच झालेलं नाही, असं तोंडावर सांगितलं. काकींनी त्याच्या बायकोला आदल्याच दिवशी ओले बोंबील विकले होते.

या सगळ्याला मी हसायचे. माझी गाडी चालत होती तोवर हसायला काही हरकत नव्हती.

मी मनोरच्या पुढे एका आश्रमशाळेत शिकवायचे. नवरा गुजरातेत दहेजला केमिकल कंपनीत, महिन्यातून दोनदा घरी. आमची चार वर्षांची लेक दिवसभर काकींजवळ असायची आणि तिच्या अंगाला कायम सुकटीचा वास यायचा. हे सगळं चालत होतं ते एका जुन्या, पूर्वी लाल असलेल्या गाडीच्या जिवावर. एसटीने गेलं तर पहिला तास बुडायचा आणि परत येईपर्यंत लेक झोपून गेलेली असायची. हेडमास्तरांचं म्हणणं, शाळेच्या क्वार्टरमध्ये राहा, उशीर होणारच नाही. त्यांनी एका क्वार्टरची किल्लीही माझ्या हातात ठेवली होती. त्या खोलीला दार होतं, पण पाणी नव्हतं, आणि मी वर्गावर असताना लेकीला बघणारं कुणी नव्हतं. तिथे राहायचं, तर लेकीला कऱ्हाडला सासूबाईंकडे ठेवावं लागलं असतं. ती किल्ली मी पर्सच्या तळाशी टाकून ठेवली होती आणि रुमाल काढताना ती दर वेळी हाताला लागायची.

एका शुक्रवारी शाळेतून परत येताना वाघोबाच्या घाटात उतारावर ब्रेकवरचा पाय सरळ खाली गेला. पुन्हा पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी वाघोबाच्या देवळासमोर मातीच्या ढिगात जाऊन टेकली. कठड्यावरच्या माकडांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा खायला लागली.

पहिलं एस्टिमेट काकांच्या भाच्याने दिलं. त्याचं पालघरमध्येच गॅरेज होतं, नुकतंच टाकलेलं. काकांच्या धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या गॅरेजचा नारळ काकांनीच फोडलेला. एस्टिमेट इतकं कमी होतं, की मी पट्टी बांधायच्या आधीच रक्कम पाहून घेतली आणि खूश झाले. काकींना सगळ्या ओळी कळल्या, कारण ओळी दोनच होत्या, पॅड आणि तेल.

काका म्हणाले, ‘बेस. रविवारी तुज्या आयशीला घेऊन ये. वाघोबाला जाऊन येऊ.’

‘आईला कशाला, मामा?’ भाचा म्हणाला. ‘मी बसतो ना.’

‘तू तर बसशीलच. ती पन बसल.’

‘तिला वळणं सोसत नाय.’

काका त्याच्याकडे वळले. ‘आमच्या घरात ओकतो तो मी. ती नाय.’

भाचा मोबाइलकडे बघायला लागला. मग तो म्हणाला, ‘मामा, ताईंनीच सांगितलं कमी खर्चात कर. मी कमी खर्चात सांगितलं. त्यात आई कुठून आली?’ आणि चप्पल घालून निघून गेला. मी तसं सांगितलं होतं, हे खरंच होतं.

काका त्या रात्री जेवले नाहीत, असं काकींनी मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. एका भाडेकरणीच्या गाडीपायी घरात वितुष्ट नको, म्हणून मी खाली जाऊन म्हणाले, ‘काका, राहू दे, मी त्याच्याकडूनच करून घेते.’

‘खोटा नाय तो,’ काका म्हणाले. ‘अर्दा हाय. अर्द्यावर माजी पोर बसवू?’ त्यांची पोर म्हणजे माझी लेक, हे समजायला मला एक क्षण लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन लावून बोईसरला नेली. तिथे एमआयडीसीच्या कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा एक उत्तरेकडचा मिस्त्री होता, व्हॅनवाल्या त्या मेकॅनिकपेक्षा वेगळा. गॅरेजच्या मागेच त्याची भाड्याची खोली, बायको, लहान मुलगा. मिस्त्रीने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि कागद भरून एस्टिमेट लिहिलं. ब्रेकचं सगळं, क्लच, एसी, ठोकून सरळ करणं, रंग, सीट कव्हर, पॉलिश. मी रक्कम बघितली आणि पर्समध्ये हात घातला, तर हाताला किल्ली लागली.

काकांनी कागदावर पंजा ठेवला. रिक्षातून आल्यामुळे त्यांचा चेहरा आधीच फिका होता, पण आवाज ठणठणीत. ‘तुमने लिखा, अच्छा लिखा. रविवार को पैला फेरी. घाट में. तुम बैठेगा, तुमारा बायको बैठेगा, पोरगा बैठेगा.’

मिस्त्री हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, की हा माणूस गंमत करतोय का. मी नाही म्हणून मान हलवली. त्याचं हसणं हळूहळू थांबलं. त्याने मागे वळून बघितलं. दारात त्याची बायको पोराला कडेवर घेऊन उभी होती.

मिस्त्रीने टॉर्च घेतली आणि तो पुन्हा गाडीखाली शिरला. या वेळी बराच वेळ. आम्हाला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. बाहेर आल्यावर त्याने फडक्याला हात पुसले आणि काकांपुढे हात केला.

‘कागज देना, चाचा.’

त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. ब्रेकच्या तेलाचे लोखंडी पाइप, पुढून मागपर्यंत. ‘समुंदर का नमक खा गया है,’ तो म्हणाला. ‘अभी टूटा नहीं. पर टूटेगा.’

‘मग हे आधी का नाही लिहिलं?’ मी मराठीतच विचारलं. मला राग आला होता.

मिस्त्री जरासुद्धा ओशाळला नाही. ‘पहले तो सिर्फ आप जाने वाली थीं, मॅडम.’

मी तिथल्या टायरच्या थप्पीवर बसले. आम्ही एस्टिमेट कमी करून घ्यायला आलो होतो आणि काकांच्या हुशारीने ते वाढलं होतं. काका मात्र लिंबू हुंगत समाधानाने बसलेले. ‘आता कागद खरा झाला,’ ते म्हणाले.

‘झाला असेल खरा,’ मी म्हणाले. ‘मला परवडत नाही तो. एवढे पैसे नाहीत माझ्याकडे. मी क्वार्टरमध्ये जाते आणि लेकीला कऱ्हाडला पाठवते, म्हणजे प्रश्नच मिटला.’ मी हे मोठ्याने बोलले आणि बोलताना मला रडू आलं. काकांनी लिंबाची दुसरी फोड माझ्यापुढे धरली. त्यांच्याकडे सगळ्यावर तेवढंच औषध होतं.

मग ते दारातल्या बाईकडे वळले. ‘बाई, तुमको इस गाडी में बैठने को क्या क्या लगता है, बोलो. बाकी काट देंगे.’

तिला आधी नवऱ्याची परवानगी हवी होती, असं वाटलं. पण एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. मिस्त्री एकेक ओळ वाचायचा आणि ती निकाल द्यायची.

‘एसी?’

‘खिड़की नहीं है क्या?’

‘डेंटिंग, पेंटिंग?’

‘गड्ढा बाहर है, मैं तो अंदर बैठूँगी.’

‘सीट कव्हर?’

‘चादर ले आऊँगी.’

क्लच म्हणजे काय, हे तिने विचारलं. मिस्त्रीने माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं समजावलं. ‘अभी चल जाएगा?’ तिने विचारलं. चार-सहा महिने चालेल, तो म्हणाला. ‘तो चार-छह महीने बाद.’ मिस्त्रीला आपल्याच घरातून हा वार होईल, असं वाटलं नव्हतं. तो एकेक ओळ खोडत होता आणि काकांकडे असा बघत होता, जणू त्यांनी त्याच्या बायकोला वाईट नाद लावला.

ब्रेकच्या ओळींवर मात्र तिने काहीच विचारलं नाही. ‘वो रहने दो,’ म्हणाली.

शेवटी काकांनी पंजा उचलला. राहिलेली रक्कम झोंबणारी होती, पण कुणापुढे हात न पसरता मी ती देऊ शकत होते. आजही मला कुठलं एस्टिमेट आलं, मग ते गाडीचं असो की स्वयंपाकघराच्या ओट्याचं, मी उजवी बाजू हाताने झाकते. घरातले हसतात.

भाच्याचं इथेच सांगून टाकते. तो वर्षभर काकांच्या ओट्याकडे फिरकला नाही. बहीण यायची, पण त्याचं नाव काढायची नाही, आणि काका तिच्या डब्यातली कालवं नेहमीपेक्षा जास्त खाऊन दाखवायचे. मग एका संध्याकाळी एक पांढरी गाडी फाटकासमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर बहीण ऐसपैस बसलेली. भाचा काच खाली करून एवढंच म्हणाला, ‘मामा, आई बसलीय.’ काका आत लिंबू आणायला गेले ते डोळे पुसून आले. काकींनी नाक मुरडलं, पण त्यात दम नव्हता.

तर तो रविवार. मिस्त्रीचं कुटुंब बोईसरहून आमच्या फाटकाशी आलं. बायको नव्या साडीत, पोराला काजळ, आणि हातात खरोखरच चादर. पुढे काका, लिंबू, पिशवी. मी चालवायला बसले आणि चावी फिरवली.

मागून मिस्त्रीच्या बायकोने विचारलं, ‘दीदी, आपकी बेटी?’

लेक ओट्यावर काकींच्या मांडीवर होती. तिला घरी ठेवायचं, हे मी न बोलता ठरवून टाकलं होतं. घाट आहे, नवे ब्रेक आहेत, कशाला. मी ‘ती इथेच’ म्हणायला मागे वळले. त्या बाईच्या मांडीवर तिचं पोर होतं. काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले होते. ते माझ्यासाठी एक शब्द बोलले नाहीत, नाहीतर एरवी त्यांना गप्प करायला काकी लागायच्या.

मी गाडी बंद केली, उतरले आणि लेकीला उचलून आणलं. काकींनी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मिस्त्री सरकला आणि त्याने बायकोकडचं पोर एका मांडीवर, माझी लेक दुसऱ्या मांडीवर घेतली.

आम्ही घाट चढलो. वाघोबाच्या देवळापाशी मी गाडी थांबवली, सगळ्यांनी हात जोडले, मिस्त्रीने पोराकडून नारळ वाढवून घेतला. माकडं तीच असावीत, त्यांनी ओळख दाखवली नाही. पुढे मनोरच्या बाजूला उतरून आम्ही चहा प्यायलो आणि परत फिरलो. आता पालघरकडचा उतार, तीच वळणं, तोच मातीचा ढीग. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. पहिल्या वळणावर मी पाय दाबला आणि गाडीने तो धरला. दुसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला, पुन्हा दाबला, पुन्हा धरला. तरी मी मनातल्या मनात मागे बसलेल्या सगळ्यांची माफी मागत होते.

मग मागून एक आवाज यायला लागला. घरघर, थांबून थांबून. मी आरशात बघितलं.

मिस्त्री घोरत होता. तोंड उघडं, डोकं खिडकीला टेकलेलं, एका मांडीवर त्याचं पोर, दुसऱ्यावर माझी लेक, आणि ती बिस्किटाचा चुरा त्याच्या खिशात भरत होती.

काकांनी एक डोळा उघडून मागे वळून बघितलं.

‘नांगर धरतो,’ ते म्हणाले, आणि पिशवीत तोंड घातलं.

सोमवारी मी वेळेच्या आधी शाळेत पोचले आणि हेडमास्तरांच्या टेबलावर क्वार्टरची किल्ली ठेवली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘का हो बाई? गाडी नीट झाली की नाही, खात्री केली का?’

‘केली ना, सर,’ मी म्हणाले. ‘उतारावर मिस्त्री झोपला होता.’